स्मारकाची मागची बाजू

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर जवानांचं नवं स्मारक झालं. काळा ग्रॅनाइट, वर उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर हेल्मेट आणि खाली तालुक्यातल्या पडलेल्या जवानांची नावं. उद्घाटन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळच्या पहिल्या गाडीनं एक म्हातारी बाई आली. पदरानं तिनं एका नावावरची धूळ पुसली, पिशवीतून करंडा काढला, त्या नावाला हळदकुंकू लावलं, लहानशा तांब्यातलं पाणी सोडलं, शेवंतीची दोन फुलं ठेवली आणि कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. कुणीतरी फोटो काढला, तो गावभर फिरला आणि आठवड्याच्या आत स्मारकापाशी पाटी लागली : 'येथे हळदकुंकू, तेल, पाणी वाहू नये. नारळ फोडू नये.'

त्यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, हे मंदिरच आहे. पाटी काढा, रोज आरती सुरू करा, चपला बाहेर काढायला लावा. दुसरी बाजू म्हणते, हे सार्वजनिक ठिकाण आहे. इथं पूजाअर्चा आली की जवानाचा देव होईल, आणि देवाला कुणी प्रश्न विचारत नाही, मग युद्धालाही कुणी विचारणार नाही. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. पण मी जेवढं ऐकलं त्यात सगळं बोलणं दगडाबद्दल आहे, नाहीतर जवानाबद्दल. ती बाई तिथं कशाला आली होती, हे कुणी विचारलेलं नाही.

ती माझी चुलत आत्या. तेव्हा या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

माझं म्हणणं असं आहे. सैनिकांच्या स्मारकात अध्यात्म असतं आणि ते खरंखुरं असतं. पण ते मेलेल्या माणसाला देवपण देण्यात नाही आणि बिगुल वाजवून दिलेल्या सलामीतही नाही. मागे राहिलेल्या माणसांचं जे काही अर्ध्यावर तुटलं, त्याला चारचौघांत जागा देण्यात ते आहे. ज्या स्मारकात घरच्यांना जागा नाही तिथं आरती केली तरी ते कोरडंच राहणार. आणि जिथं ती जागा आहे तिथं एकही धर्मचिन्ह नसलं तरी माणसं आपोआप आवाज खाली करतात. त्यामुळे 'मंदिर की नागरी स्मारक' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

फोटोत जे दिसत नाही ते सांगायला हवं. १९७१ च्या डिसेंबरात आत्याचे यजमान पूर्वेच्या आघाडीवर पडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यातला सहवास दोन रजांचा. देह आला नाही. तार आली आणि काही आठवड्यांनी रेल्वेनं ट्रंक आली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. ती ट्रंक अजून माजघरात आहे, कुलूप न लावलेली. आत्याच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांत संक्रांतीला, चैत्रात, गौरींना गावातल्या एकाही घरात तिला कुणी हळदकुंकू लावलेलं नाही. वीरपत्नी म्हणून तहसील कचेरीत शाल-श्रीफळ मिळालं, सव्वीस जानेवारीला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. ज्यांनी तिथं टाळ्या वाजवल्या त्यांच्याच घरून संक्रांतीचं बोलावणं आलं नाही. स्वतःच्या कपाळाला जे लागत नाही ते तिनं त्या नावाला लावलं. करंडासुद्धा तिचा नव्हता, पुतणसुनेकडून मागून आणलेला होता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं त्या ठरावात आहे. तो ठराव महत्त्वाचा आहेच. पण ज्या समाजाला अशा ठरावाची गरज २०२२ मध्ये पडते, त्यानं एका विधवेनं दगडाला लावलेल्या कुंकवाकडे 'अंधश्रद्धा' किंवा 'भक्ती' एवढ्या दोनच शब्दांनी पाहावं, हे मला फार अपुरं वाटतं. त्या सकाळी आत्यानं पन्नास वर्षांचा एक हिशेब स्वतःच्या हातानं नीट केला. त्याला तुम्ही काय नाव द्याल?

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेते, कारण ते टाळून पुढं जाता येणार नाही. पावित्र्याचा वापर युद्ध विकण्यासाठी होतो, असं ही मंडळी म्हणतात, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. १९१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जर्मनीची कोवळी, नवशिकी पोरं हजारोंनी मारली गेली. जर्मन सेनेनं पत्रक काढलं : लँगेमार्कजवळ आमच्या तरुण तुकड्या गाणी गात शत्रूवर चालून गेल्या. त्या एका पत्रकातून मोठी दंतकथा उभी राहिली. मरणाचं बलिदान झालं, बलिदानाचं पर्व झालं, आणि पुढं नाझींनी त्याच पर्वाची पूजा मांडून पुढची पिढी रणात नेली. त्या पोरांना नीट शिक्षण न देता पुढं कुणी ढकललं, हा प्रश्न त्या पावित्र्याखाली गाडला गेला. आरतीची मागणी करणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पण त्याच मातीत, त्याच दिवसांत आणखी एक पोरगा पडला. पीटर कोलविट्झ, वय अठरा. त्याला सैन्यात जायचं होतं, वडिलांची परवानगी लागत होती, वडील तयार नव्हते. त्यांचं मन वळवलं ते आईनं. आई म्हणजे शिल्पकार केटे कोलविट्झ. मुलगा गेल्यावर ती त्याचं स्मारक करायला बसली. पहिल्या कल्पनेत मुलगा आडवा पडलेला, उशाशी बाप, पायाशी आई. ते जमेना. काम सोडलं, पुन्हा धरलं. १९३२ मध्ये, मुलाच्या मरणानंतर जवळजवळ अठरा वर्षांनी, ती शिल्पं दफनभूमीत बसवली गेली, तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. फक्त आईबाप. दोघंही गुडघ्यांवर, दोन वेगळ्या चौथऱ्यांवर, मध्ये अंतर. बाप ताठ, दोन्ही हात छातीशी आवळून. आई खाली वाकलेली. आज ती व्लाड्सलोच्या दफनभूमीत आहेत आणि समोर हजारो पोरांच्या नावांचे दगड आहेत. आई कुणापुढं वाकली आहे? देवापुढं? मुलापुढं? तीच 'जा' म्हणाली होती, म्हणून? त्या शिल्पात क्रूस नाही, झेंडा नाही, विजय नाही. तरी त्याला आध्यात्मिक म्हणायचं नाही, तर मग हा शब्द ठेवायचा तरी कशासाठी?

दोन्ही गोष्टी एकाच रणातून निघाल्या, म्हणून मी त्या शेजारी ठेवते. पावित्र्य धोक्याचं आहे, म्हणून पावित्र्यच नको, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन, दोहोंत फरक कशानं पडला? लँगेमार्कच्या कथेत मेलेला पोरगा आहे आणि राष्ट्र आहे, आईबाप नाहीत. कोलविट्झच्या दगडात आईबाप आहेत आणि उरलेली जागा रिकामी आहे. घरच्यांना आत घेतलं की स्मारक खोटं बोलू शकत नाही. आई समोर गुडघ्यांवर असताना 'तो हसत हसत गेला' असं कोरायला हात धजावत नाही.

हा फरक आपल्या मातीतही दिसतो, आणि इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपण ज्याला आपली परंपरा म्हणतो ती आपण नीट पाहिलेली नाही. महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकात देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाई सोडवतानाची, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. गावकऱ्यांना त्या वीराचं नाव माहीत नसतं, तरी कुणी शेंदूर लावतं, कुणी दिवा ठेवतं. आरती मागणारे याचाच दाखला देतात : बघा, आपल्याकडे वीराची पूजा हजार वर्षं चालत आली आहे. आली आहे, खरं आहे. पण वीरगळाच्या शेजारी बऱ्याचदा दुसरा दगड असतो, त्याबद्दल ते बोलत नाहीत. त्या दगडावर कोपरात वाकलेला एक हात असतो, मनगटापासून बांगड्या भरलेला. ती सतीशिळा. वीराच्या बाईला दगडात जागा मिळाली ती अशी, जळल्यावर, बांगड्या शाबूत ठेवून. जी जळली नाही, जिनं पोरं वाढवली, शेत कसलं, सासूसासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळलं, तिच्यासाठी उभा केलेला एकही जुना दगड मी आजवर पाहिलेला नाही.

आणि हे फार जुनं झालं असं कुणी म्हणू नये. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता विधवेनं पुन्हा लग्न केलं की बंद होई. अपवाद एकच होता, दिवंगत पतीच्या भावाशी केलेलं लग्न. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणजे परवापरवापर्यंत सरकारच्या लेखी वीराची बायको ही त्या घरातच राहिली तर वीराची. सतीशिळेची सावली कुठवर लांबते ते यातून कळतं.

इंग्रजांनी आपल्याकडे वेगळे दगड बसवले. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याच्या नावातच 'मिलिटरी' जोडलेलं आहे, तिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले आणि त्यांच्या आठवणीसाठी सरकारनं गावात शिळा बसवली. अशा शिळा सातारा-कोकणाकडं आणखीही गावांत आहेत : या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावं नाहीत. सेहेचाळीस म्हणजे एका गावातल्या सेहेचाळीस चुली. कल्पना करून पाहा, तार वाचून दाखवायला गावात शिकलेलं माणूस एखादंच असेल, तेव्हा त्या माणसाला बघून बायका घरात पळाल्या नसतील का?

हा तारेचा धागा मला अमेरिकेतल्या एका स्मारकापर्यंत घेऊन जातो, आणि माझ्या मते आज सैनिकांच्या घरच्यांसाठी उभं राहिलेलं सगळ्यात समजूतदार स्मारक तेच आहे. हर्शेल 'वुडी' विल्यम्स हा वेस्ट व्हर्जिनियातला माणूस. सैन्यात जाण्याआधी तो टॅक्सी चालवायचा आणि युद्धात पडलेल्यांच्या घरी तारा पोचवण्याचं काम त्याच्याकडं असायचं. दारं उघडल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे होतात ते त्यानं पाहिलं. पुढं तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावरच्या लढाईत गेला, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं. म्हणजे वीरगळ व्हावा असाच माणूस. पण म्हातारपणी त्यानं ध्यास घेतला तो स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या पुतळ्याचा नव्हे. ज्या दारांवर त्यानं टकटक केली होती, त्या दारांमागच्या माणसांसाठी काही उभं करावं, असं त्याच्या मनानं घेतलं. पहिलं स्मारक २०१३ मध्ये त्याच्याच राज्यात झालं. पुढं ते अमेरिकेच्या गावोगाव उभं राहिलं, शंभराहून जास्त ठिकाणी. २०२२ मध्ये तो वारला, वय ९८.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धापासून एक रीत आहे. घरातलं कुणी युद्धावर असेल तर खिडकीत निळ्या ताऱ्याचा झेंडा लावायचा आणि ते माणूस गेलं की निळ्यावर सोनेरी तारा शिवायचा. म्हणून अशा घरांना सोनेरी ताऱ्याची कुटुंबं म्हणतात. हे स्मारक त्यांचं. उंच काळा ग्रॅनाइट, चार फरशा, त्यांवर मातृभूमी, कुटुंब, देशभक्त आणि बलिदान असे चार विषय. आणि मधोमध दगड कापून काढलेला आहे, सलाम करणाऱ्या सैनिकाच्या आकारात. सैनिक तिथं नाही, त्याच्या आकाराचं भोक आहे. त्यातून पलीकडचं जे असेल ते दिसतं : आभाळ, झाडं, रस्त्यानं जाणारी गाडी. ज्याच्या घरात असं माणसाच्या मापाचं भोक पडलेलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकी जग त्या भोकातूनच दिसत राहतं. आत्याला मी त्याचा फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यातून वारा येत असंल ना?"

आता यावर दुसऱ्या बाजूचे म्हणतील, की ठीक, पण आपल्या स्मारकावर हिंदू जवान आहेत, मुसलमान आहेत. उद्या ख्रिस्ती, शीख असतील. एकाच्या रीतीनं हळदकुंकू वाहिलं तर दुसऱ्याचं काय? हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. स्मारक समितीनं स्वतःहून कुठल्याही धर्माचा विधी सुरू करू नये, आरती तर नाहीच नाही. लंडनच्या व्हाइटहॉलमधलं सेनोटॅफ, म्हणजे रिकामी कबर, वास्तुरचनाकार लट्यन्सनं आखलं तेव्हा मुद्दाम त्यावर क्रूस ठेवला नाही, कारण पहिल्या महायुद्धात मेलेल्यांत सगळ्या धर्मांचे होते. काही धर्मनिष्ठांना ते खटकलं. पण १९१९ च्या जुलैत मिरवणुकीपुरतं लाकूड आणि प्लास्टरचं ते उभं केलं आणि लोकांनी त्याच्या पायथ्याशी फुलांचे ढीग घातले. ब्रिटननं आपल्या सैनिकांचे देह घरी आणलेच नव्हते. लाखो घरांना कबर नव्हती, म्हणून ती रिकामी कबर प्रत्येकाची झाली. पुढच्याच वर्षी ती पक्क्या दगडात बांधावी लागली. ना सरकारनं पावित्र्य जाहीर केलं होतं, ना पाद्र्यानं. आपल्या सैन्यातही हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. पलटणीत सर्वधर्मस्थळ असतं आणि एकाच छपराखाली सगळ्यांचं चालतं.

आणि आत्यानं काय केलं ते सांगते. तिच्या यजमानांच्या नावाखाली दोन नावं सोडून एका मुसलमान जवानाचं नाव आहे. तिला वाचता येत नाही. तिथल्या चहावाल्याच्या पोरानं वाचून दाखवलं. त्याच्यापुढं तिनं फक्त फूल ठेवलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "त्यांच्यात कुंकू चालत न्हाई, पण फुलाला कोण न्हाई म्हणंल." शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं जो विवेक तिथं उभ्या उभ्या दाखवला, त्याहून चांगला नियम कुठल्या पाटीवर लिहिता येईल, असं मला वाटत नाही. समितीचा विधी नको. घरच्यांना मात्र ज्याची-त्याची मुभा हवी. या दोहोंत काहीही विसंगत नाही.

तिसरा आक्षेप फौजींच्याच घरातून येतो आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो : दगड कशाला, पेन्शन वेळेवर द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढं 'अध्यात्म' हा शब्द उच्चारायलाही संकोच वाटतो. पेन्शन आधी, यात दुमत नाही. पण पेन्शन हे देणं आहे आणि देणं फिटतं. महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतं, पासबुकात उमटतं. जे फिटत नाही त्याचं काय करायचं? देह न आलेल्या घरात दहावं झालं, तेरावं झालं, पण अग्नी कुणाला दिला? कारगिलच्या युद्धात, १९९९ मध्ये, शवपेट्या घरोघर पोचल्या आणि आख्खा गाव दारात उभा राहिला. त्याआधीच्या युद्धांत पडलेल्यांना बहुतेक तिकडेच, रणाच्या जवळ, अग्नी दिला जाई. १९६२, १९६५, १९७१ मधल्या घरांनी फक्त कागद पाहिला. त्या घरांना पैसे पुरले असतील-नसतील, पण पाणी सोडायला जागा कुठं होती?

पाणी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. महाभारतात अठरा पर्वं आहेत आणि त्यातलं एक आख्खं पर्व युद्धात गेलेल्यांच्या घरच्या बायकांचं आहे. स्त्रीपर्व. विजय झाला आहे, राज्य मिळालं आहे, आणि कथा पुढं जायचं नाकारते. आधी गांधारीला रण दाखवते. ती आपल्याच पोरांसाठी रडत नाही. अभिमन्यूच्या देहाशी बसलेली उत्तरा, म्हणजे शत्रूच्या घरची सून, तिलाही ती पाहते. मग समोरच्या कृष्णाला विचारते : तुला हे थांबवता येत होतं, तू का नाही थांबवलंस? आणि शाप देते, छत्तीस वर्षांनी तुझंही कुळ आपसात लढून संपेल. देव तो शाप मान्य करतो. 'देव झाला की प्रश्न थांबतात' असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. आपल्याकडं युद्धानंतरचा सगळ्यात मोठा प्रश्न देवालाच विचारला गेला आहे, आणि तो विचारायचा अधिकार आईचा होता, सेनापतीचा नव्हे.

त्या पर्वाच्या शेवटी गंगेवर तर्पण चाललं आहे. नावं घेतली जात आहेत, पाणी सोडलं जात आहे. कुंतीला राहवत नाही. ती युधिष्ठिराला सांगते, कर्णालाही पाणी दे, तो तुमचा थोरला भाऊ होता. आयुष्यभर जे नाव लपवलं ते तिथं बाहेर पडतं, कारण नाव घेतल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. आत्याला नाव आजवर कुठं मिळालं होतं? ट्रंकेच्या झाकणावर. दुसऱ्यांदा मिळालं ते एस.टी. स्टँडसमोर, कोरलेलं, चारचौघांत. तिनं तिथं पाणी सोडलं, आणि आपण 'पाणी वाहू नये' अशी पाटी लावली. ग्रॅनाइटला डाग पडतो म्हणे. पाऊस पडतो तेव्हाही पडतच असेल.

सरकारनं उभारलेल्या दगडाला घरच्यांनी आपला अर्थ द्यायचा, हे कसं होईल, असं एकानं मला विचारलं. आपल्याच राज्यात झालेलं आहे. कोरेगाव भीमाचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीनं स्वतःच्या विजयाच्या नोंदीसाठी बांधला. त्यावर कोरलेल्या नावांत महार शिपायांची नावं होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले, आणि आज दरवर्षी लाखो लोक तिथं मानवंदना द्यायला येतात ते कंपनीसाठी येत नाहीत. दगड बांधणाऱ्याचा असतो, पण त्यावरचं नाव ज्यांचं असतं ते त्या दगडाला आपलं म्हणू शकतात. मोठ्या प्रमाणावर जे तिथं झालं तेच लहान प्रमाणावर आत्यानं केलं.

दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक २०१९ मध्ये झालं. एकात एक चार वर्तुळं : अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींत ग्रॅनाइटच्या विटा आहेत, प्रत्येक विटेवर एका जवानाचं नाव. संध्याकाळी रणात पडलेल्या जवानाच्या घरच्यांना तिथं पुष्पचक्र वाहायला बोलावतात, ही फार चांगली रीत आहे. मला त्या भिंतीपुढं एकच गोष्ट जाणवते. त्याग हा शब्द तिथं फक्त गेलेल्याच्या नावानं लिहिला आहे. आईनं जे सोडलं, बायकोनं जे सोडलं, बापानं म्हातारपणी जे ओझं पुन्हा खांद्यावर घेतलं, तो त्याग कुठल्या विटेवर आहे?

म्हणून आमच्या समितीपुढं मी तीन गोष्टी मांडल्या आहेत. पाटी बदला : समितीतर्फे कोणतीही पूजा होणार नाही, घरच्यांनी आपापल्या रीतीनं फूल-पाणी वाहावं, एवढंच लिहा. चौथऱ्याजवळ नळ आणि एक बाक द्या, कारण तिथं येणारी बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची आहेत आणि उभी राहू शकत नाहीत. आणि स्मारकाची मागची बाजू कोरी आहे, तिथं घरच्यांची नावं कोरा. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची माता' असं नको. त्यांची स्वतःची नावं. 'जवानाचा मान वाटला जाईल' असं एक सदस्य म्हणाले. मी त्यांना कोलविट्झच्या आईबापांचा फोटो दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण फोटो मागून घेतला.

नावांची यादी मीच करते आहे. घरोघर जाऊन विचारायचं, कुणाचं नाव लिहू. गेल्या रविवारी आत्याकडं गेले होते. ती माजघरात ट्रंकेवर बसून वाल सोलत होती. मी म्हटलं, "आत्या, तुझं नाव मागच्या बाजूला येणार. माहेरचं लिहू का सासरचं?"

ती म्हणाली, "माजं कशाला? आत्याबाईंचं लिव." आत्याबाई म्हणजे तिच्या सासू, जाऊन वीस वर्षं झाली.

"दोघींची लिहू," मी म्हटलं.

"आधी त्यांचं लिव. टरंक आली तवा कुलूप व्हतं तिला, किल्ली न्हवती. त्यांनी दगडानं फोडलं. पुन्यांदा कंदी लावू दिलं न्हाई. म्हनायच्या, ल्योक आला तर किल्ली कुटं हुडकत बसंल."